शेवंती साळींदरची शंभर टक्के हजेरी

एका जंगलात एके सकाळी एक पान पडलं.

घाबरू नका, मुलांनो. जंगलात पानं पडतातच. हे पान पळसाचं होतं, वाळलेलं, चांगलं ताटाएवढं, आणि ते नेमकं बकुळच्या पुढ्यात पडलं. बकुळ ही पिसोरी. पिसोरी म्हणजे हरणांची सगळ्यात धाकटी बहीण. सशापेक्षा थोडी मोठी आणि सशापेक्षा पुष्कळ भित्री. पान पडल्याबरोबर बकुळ चारी पायांवर उडाली आणि "आई गं!" म्हणून किंचाळली.

हेही रोजचंच. बकुळ पानाला घाबरायची, शेंग तडकली की घाबरायची, स्वतःच्या शिंकेलाही घाबरायची.

चुकलं ते पुढे. शेवंती हसली नाही.

शेवंती साळींदर ही बकुळची रूममेट. मुलींच्या वसतिगृहात, बीळ क्रमांक चौदामध्ये दोघी राहायच्या. बकुळ दचकली की शेवंती अंगावरचे काटे खुळखुळवून हसायची. "अगं, पान आहे ते. तुझ्या किंचाळण्यानं त्यालाच घाम फुटला असेल," असं काहीतरी म्हणायची. तीन वर्षांत एकदाही चुकली नव्हती. त्या दिवशी तिनं पानाकडे पाहिलं, बकुळकडे पाहिलं आणि कूस बदलली.

"शेवंते, मी घाबरले," बकुळनं आठवण करून दिली.

"हं."

"पान होतं."

"हं."

बकुळला त्या "हं"ची पानापेक्षा जास्त भीती वाटली.

आता हे जंगल साधंसुधं नव्हतं. तिथं विद्यापीठ होतं. रानगवा कुलगुरू होते. ते इतके उंच होते की त्यांना खालचं काही दिसत नसे, आणि इतके थोर होते की त्यांना कुणी दाखवतही नसे.

शेवंती नदीपलीकडची. तिच्या कुळातून विद्यापीठात आलेली पहिलीच. कंदमुळांवर प्रबंध लिहीत होती. नऊ वेळा लिहिला. तिचे मार्गदर्शक बगळेसर दर वेळी एका पायावर उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "पुन्हा." घरून आईचा निरोप यायचा, "बाळे, सगळ्या बिळांचं लक्ष तुझ्याकडं लागलंय हं." आई बिचारी धीर द्यायला म्हणायची. नवव्यांदा "पुन्हा" झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी ते पान पडलं.

मग शेवंती वर्गाला जाईना. मग मेसला जाईना. बकुळ तिच्यासाठी रताळं आणायची. शेवंती म्हणायची, "तू खा." बकुळ म्हणायची, "निदान अर्धं." शेवंती अर्धं घ्यायची, उशाशी ठेवायची. उशाशी सात अर्धी रताळी जमली. अंथरुणात तिचे गळलेले काटे सापडायला लागले.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. तुम्ही लहान आहात, म्हणून थोडक्यातच सांगते.

गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाला एक चितळ होता. तोही असाच "हं" म्हणायला लागला होता. एके सकाळी तो विहिरीत सापडला.

विद्यापीठाला फार दुःख झालं. लगेच चौकशी समिती नेमली. समितीनं विहिरीला तीन भेटी दिल्या, चितळाच्या मित्रांना एकही नाही. अहवाल आला. त्यात म्हटलं होतं की विहीर प्रमाणाबाहेर खोल आहे. अशा रीतीनं विहीर दोषी ठरली. विहिरीवर जाळी बसली. जाळीचं उद्घाटन झालं, कुलगुरूंनी शिंगानं फीत तोडली, सगळ्यांना बोरं वाटली.

बकुळनं ती बोरं खाल्ली होती. म्हणून तिला आता झोप लागत नव्हती.

पण बकुळ भित्री असली तरी मैत्रीण होती. आणि त्या विद्यापीठात मैत्रिणीसाठी करायची म्हणून एक गोष्ट ठरलेली होती. वर्गात हजेरी पंचाहत्तर टक्के भरली नाही, तर परीक्षेला बसू देत नसत. मग एखादी आली नाही की तिची मैत्रीण तिच्या नावाला "हजर" म्हणायची. सगळेच म्हणायचे. माकडांच्या तुकडीत तर एक माकड आठ जणांचं "हजर" म्हणायचं, आठ आवाजांत.

हजेरी घुबडसर घ्यायचे. दिवसा त्यांचे डोळे मिटलेलेच असत.

"बकुळ पिसोरी."

"हजर, सर."

"शेवंती साळींदर."

बकुळनं इकडेतिकडे पाहिलं. तिनं आवाज घोगरा केला. "हजर, सर."

घुबडसरांनी खूण केली. पान उलटलं. एवढं सोपं होतं ते.

बरी होईल तेव्हा निदान वर्ष तरी वाया गेलेलं नसेल, असं बकुळला वाटलं. त्यात तिचं काय चुकलं, सांगा बरं?

बावीस दिवस बकुळ घोगऱ्या आवाजात "हजर" म्हणत राहिली. तेविसाव्या दिवशी ती रेक्टर घोरपडबाईंकडे गेली. घोरपडबाई नियमाला एकदा चिकटल्या की सुटत नसत. किल्ले चढायला त्यांचा उपयोग झाला असता. विद्यापीठानं त्यांना वसतिगृह दिलं.

"बाई, शेवंतीला बरं नाहीये."

"ताप आहे?"

"नाही."

"जुलाब?"

"नाही बाई. तिचं मन..."

बाईंनी जीभ बाहेर काढून हवा चाखली आणि आत घेतली. "मनाचा अर्ज वेगळा असतो. सागाच्या पानावर, तीन प्रती. अर्जदारानं माझ्यासमोर, स्वतःच्या पंजानं भरायचा. शेवटी लिहायचं, 'हा अर्ज मी प्रसन्न चित्ताने करीत आहे.' खाली ठसा."

"पण बाई, ती बिळाबाहेरच येत नाही. बोलतसुद्धा नाही."

"मग बोलायला-बिलायला लागली, हिंडायफिरायला लागली की पाठव."

"तेव्हा अर्ज कशाला लागेल, बाई?"

"लागत नाहीच! म्हणून तर आजवर एकही आलेला नाही." बाई भिंतीवर दोन वीत वर सरकल्या. "शून्य अर्ज. कळतंय का तुला, आपलं वसतिगृह किती सुखी आहे ते?"

बकुळला कळलं. तिला रडू आलं, पण रडायचं म्हणजेही तीन प्रतींत की काय, अशी शंका येऊन ती गप्प परत आली.

त्याच सुमारास विद्यापीठालाही विद्यार्थ्यांच्या मनाची काळजी वाटू लागली. अगदी अचानक. झालं असं होतं की पलीकडच्या मोठ्या जंगलातून मूल्यांकन समिती येणार होती. ती विद्यापीठाला श्रेणी देणार होती. आणि तिनं आधीच विचारून ठेवलं होतं, "तुमच्याकडे विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी काय करता?"

दुसऱ्याच दिवशी परिपत्रक निघालं. आनंद सप्ताह! सर्वांना सक्तीचा!

सप्ताहाचे प्रमुख होते तरससर, विद्यार्थी कल्याण विभागाचे अधिष्ठाता. त्यांचा चेहरा जन्मतःच हसरा होता. त्या गुणावरच त्यांना ते पद मिळालं होतं. ते बढतीची बातमी आणि मयताची बातमी एकाच चेहऱ्यानं सांगत.

रोज सकाळी मैदानात सामुदायिक हास्य झालं. हसण्याचीही हजेरी होती. नाव पुकारलं की हसायचं. जो हसला नाही, त्याच्या प्रगतिपुस्तकात 'वृत्ती नकारात्मक' असा शेरा. बकुळ स्वतःच्या नावाला बारीक हसली आणि शेवंतीच्या नावाला घोगरं हसली. तिला वाटलं, शेरा बसला तर शेवंती आणखीच खचेल.

मंगळवारी खोल श्वास घ्यायचं शिबिर होतं. शिकवायला अजगरसर आले होते. त्यांचं म्हणणं असं की मिठीत श्वास फार छान सुटतो. प्रात्यक्षिकासाठी उंदीर विभागाला पुढे बसवलं. त्या दिवसापासून उंदरांच्या तक्रारी पूर्णपणे थांबल्या. विद्यापीठानं अहवालात 'लक्षणीय यश' असं लिहिलं.

आणि एक निबंध होता. विषय, 'मी आनंदी का आहे?' न लिहिणाऱ्याचा निकाल राखून ठेवणार होते.

बकुळनं दोन लिहिले. स्वतःचा दोन ओळींचा झाला, त्यातली एक खोडलेली. मग ती शेवंतीचा लिहायला बसली. शेवंती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडली होती. बकुळ तिच्या पाठीकडे बघत लिहीत गेली. 'मी हसले की माझे काटे खुळखुळतात. पहिल्या पावसाळ्यात बिळात पाणी आलं, तेव्हा मी माझ्या भित्र्या मैत्रिणीला पाठीवर घेणार होते, पण काटे टोचतील म्हणून रात्रभर तिला गोष्टी सांगत पाण्यात उभी राहिले.' असं पुष्कळ. सगळं खरं होतं. फक्त जुनं होतं.

निकाल पिंपळाच्या बुंध्यावर लागला.

'प्रथम क्रमांक : शेवंती साळींदर. वर्गातील हजेरी शंभर टक्के. हास्यातील हजेरी शंभर टक्के. हिला 'आनंदकन्या' किताब देऊन उद्या सकाळी मूल्यांकन समितीसमोर हिचा सत्कार होईल.'

बकुळनं ते दोनदा वाचलं. ती तशीच तरससरांच्या गुहेत शिरली. बोलावल्याशिवाय गुहेत शिरण्याची तिची आयुष्यातली ही पहिली वेळ.

"सर, शेवंती आनंदी नाहीये."

"कोण म्हणतं?" सर हसले. म्हणजे ते होतेच हसलेले.

"मी तिच्या बिळात राहते, सर. महिना झाला. ती उठत नाही, खात नाही. मला फार भीती वाटते, सर. चितळाचंही असंच..."

"श्श! विहिरीचा विषय मिटलाय. जाळी बसवली आहे आपण." सरांनी मस्टर ओढलं. "हे बघ. रोज हजर. हसायला हजर. आणि निबंध तर काय! कुलगुरूंच्या डोळ्यांत पाणी आलं, एवढ्या उंचावर! उलट तूच जरा ओढलेली दिसतेस."

आता इथे बकुळनं एक फार मोठी गोष्ट केली, मुलांनो. खोट्या हजेरीला वर्षभर हकालपट्टीची शिक्षा होती. बकुळला ती पाठ होती. तरी ती म्हणाली,

"सर, ती हजेरी मी लावली. हसले पण मीच. निबंधही माझाच. काय शिक्षा करायची ती मला करा, पण कुणीतरी तिला येऊन बघा."

बकुळनं डोळे गच्च मिटून घेतले.

"म्हणजे," सर सावकाश म्हणाले, "हे मस्टर खोटं?"

"हो सर."

"मस्टर समितीकडे गेलं, बेटा. त्यावर कुलगुरूंचा खूर उमटलाय. ते खोटं असूच शकत नाही." त्यांनी तिच्या पाठीवर पंजा ठेवला. बकुळ दचकली. "तेव्हा तू 'हजर' म्हणालीच नाहीस. तुला नुसतं तसं वाटलं. ताण आला की असं होतं. ये, लिंबू सरबत घे."

बकुळनं सरबत घेतलं नाही. ती बिळात आली.

"शेवंते," ती हळूच म्हणाली, "उद्या तुझा सत्कार आहे."

बऱ्याच दिवसांनी शेवंती वळली. "कशाबद्दल?"

"तू आनंदी आहेस म्हणून."

शेवंती तिच्याकडे बघत राहिली. "परीक्षेचा फॉर्म?"

"भरला गेला. हजेरी पूर्ण आहे तुझी."

"आणि ते हसायचं होतं ते?"

"तेही."

"निबंध?"

"पहिला आलाय."

"बरंय की," शेवंती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "माझ्यावाचून माझं किती छान चाललंय, बकुळ."

आणि ती पुन्हा भिंतीकडे वळली.

सकाळी वाजतगाजत मिरवणूक आली. पुढे ढोल, मागे रानफुलांचा हार, मधे घोरपडबाई. बकुळ रताळं आणायला मेसपर्यंत गेली होती, तेवढ्यात. ढोल बिळाच्या तोंडाशी धडाधडा वाजला. "आनंदकन्येचा विजय असो!" माकडं ओरडली.

आतून कुणी आलं नाही. बकुळ धावत येऊन आत शिरली. अंथरूण रिकामं होतं. बिळाच्या मागच्या भिंतीला नवं भोक पडलं होतं, माती अजून ओली होती.

"बाई! शेवंती निघून गेलीय!"

"रजेचा अर्ज?"

"नाही केला!"

"मग ती आतच आहे," घोरपडबाई म्हणाल्या. "अर्ज न करता मुलगी बाहेर जाऊच शकत नाही." त्यांनी हार बिळाच्या तोंडावर अडकवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मिरवणूक परत गेली. मैदानात सत्कार सुरूही झाला. समितीनं विचारलं, "मुलगी कुठे आहे?" तरससरांनी मस्टर दाखवलं. समितीनं मस्टरचा सत्कार केला.

बकुळ विहिरीकडे धावली. जाळी होती तशी होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. ती धावत मैदानात आली, थेट मंचावर चढली. हजार डोळे तिच्याकडे वळले. एरवी ती तिथेच घेरी येऊन पडली असती.

"सर, शेवंती हरवलीय. शोधायला कुणीतरी चला ना!"

तरससर समितीकडे बघून हसत होते, ते तसेच हसत दातांतल्या दातांत म्हणाले, "समुपदेशन केंद्र कशासाठी काढलंय? तिथं सांग. चोवीस तास सेवा आहे. आणि उतर खाली."

ते केंद्र बकुळनं कधी पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. जंगल जिथं संपतं, तिथं एक सरळ तुटलेला कडा होता. त्याच्या माथ्यावर पाटी होती : 'मन मोकळं करा. आम्ही ऐकतो.' खाली बारीक अक्षरांत : 'समुपदेशकाचे पद रिक्त आहे. भरती होईपर्यंत तात्पुरती सोय म्हणून दरीतल्या प्रतिध्वनीचा लाभ घ्यावा.' त्याखालची तारीख नऊ वर्षांपूर्वीची होती.

विद्यापीठ या सोयीवर खूश होतं. प्रतिध्वनी मधेच तोडत नाही. उपदेश करत नाही. रजेवर जात नाही. आणि विद्यार्थ्याचं म्हणणं शब्दशः समजून घेतो.

बकुळ तिकडे धावत निघाली. वाटेत एक काटा पडलेला दिसला, काळा-पांढरा. तिनं तो ओळखला. थोड्या अंतरावर दुसरा. मग तिसरा, पाटीच्या खांबाशी. मग पुढे जमीनच नव्हती.

मुलांनो, माझाही जीव घाबरा होतोय, पण ऐका.

"शेवंती!" बकुळ ओरडली.

"वंती... वंती..." दरी म्हणाली. बकुळ हातभर मागं उडाली. तो तिचाच आवाज होता. ती पुन्हा कडेला आली.

"कुणी आहे का तिथं?"

"का तिथं... तिथं..."

"माझी मैत्रीण हरवलीय!"

"हरवलीय... वलीय..."

"मला भीती वाटतेय!"

"वाटतेय... टतेय..."

प्रत्येक वेळी दरीनं उत्तर दिलं की बकुळ दचकायची. आणि दचकली की आणखी पुढं यायची. लांबून मैदानातल्या टाळ्या ऐकू येत होत्या. श्रेणी जाहीर झाली असावी.

घसा बसला. आता तर तिचा खरा आवाजच घोगरा झाला होता. तिनं शेवटचा दम एकवटला.

"शेवंते, माझं चुकलं! मी रोज तुझ्या नावानं बोलत राहिले, म्हणून तू तिथं नाहीस हे कुणाला कळलंच नाही! मला निबंधातली नकोय, हसणारी नकोय! तू जशी असशील तशी मला हवी आहेस!"

एवढं लांब वाक्य दरीला झेपलं नाही. "आहेस... हेस..." एवढंच म्हणून ती गप्प झाली.

बकुळ कडेला पोटावर पडून राहिली. पाटी कुरकुरली. बकुळ दचकलीसुद्धा नाही.

आणि मग खालून, कड्याच्या पोटातल्या कपारीतून, एक आवाज आला. त्यातला एकही शब्द बकुळनं आधी म्हटलेला नव्हता.

"अगं, मी इथं खाली आहे. उतरायला उतरले, पण एकटीनं वर येता येईना मला."

तात्पर्य : मनाला काही झालं, तर विद्यापीठाच्या कड्यावरच जाऊन सांगावं. आपलेच शब्द परत आले, तर सेवा सुरळीत चालू आहे असं समजावं. पण भलतंच कुणी उत्तर दिलं, तर ताबडतोब कार्यालयाला कळवावं. त्या पदावर अजून कुणाची नेमणूक झालेली नाही.